पच्चक्खाणातला आगार आणि माझी केमो



दिवाळीनंतर माझ्याकडून काही लिहून झालं नाही. मेथीच्या लाडवांचं प्रमाण काही जणींनी मागितलं होतं, तेही राहून गेलं. कारण सरळ सांगते. मला डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला आहे. पहिली केमो पुण्यात झाली, दुसरी येत्या सोमवारी आहे. एकूण आठ, मग ऑपरेशन, मग शेक.

"असं चारचौघांत सांगतात का? नात लग्नाची आहे घरात," असं मला माझ्याच माणसांनी बजावलं. म्हणूनच सांगते आहे. आपल्यात अठ्ठाई केलेल्या सुनेचा वाजतगाजत वरघोडा निघतो, पेपरात फोटोसह अभिनंदन छापून येतं. आणि केमो घेणाऱ्या सुनेला पहाटे अंधारात गाडीत बसवतात, शेजारी विचारलं तर "पुण्याला लग्नाला गेल्यात" म्हणून सांगतात. दोघीही अंगाला त्रास देऊन काही पार पाडत असतात. एकीचं कौतुक आणि दुसरीची लाज, हे मला पटत नाही.

रिपोर्ट आल्यावर पंधरा दिवसांत आमच्या निरगुडसरच्या घरी बेचाळीस माणसं शाता विचारायला येऊन गेली. मी कॉमर्सची, मोजायची सवय जात नाही. त्यातल्या अकरा जणींनी मला काही ना काही तप सुचवलं. सात जणींनी कोणाच्या तरी ओळखीतली बाई केमोशिवाय कशी बरी झाली ते ऐकवलं. चौघींनी झाडपाल्याच्या औषधाचा फोन नंबर दिला. भुवाजींनी हात धरून सांगितलं, "हे अशाता वेदनीय कर्म आहे. भोगूनच संपतं. केमो म्हणजे विष, ते घेऊन नवीन कर्म कशाला बांधतेस?" आणि बेचाळीसपैकी फक्त दोघींनी विचारलं, "पुण्याला सोबत कोण येतंय? सोमवारचा डबा मी करू का?"

या अकरा, सात आणि चार जणींवर माझा राग नाही, त्या प्रेमानेच आल्या होत्या. पण त्यांचं म्हणणं चूक आहे, आणि ही चूक धर्माच्या नावाने होते म्हणून ती धर्माच्याच भाषेत खोडून काढायला हवी.

आधी माझा दोष सांगते. गाठ मला चातुर्मासात लागली होती, पर्युषणाच्या आधी, आंघोळ करताना. दुखत नव्हती. एकासणं चालू होती, पुढे अठ्ठाई करायची ठरवली होती. मनात म्हटलं, आता डॉक्टरकडे गेलं तर तप मोडेल. संवत्सरीनंतर बघू. मग आयंबीलची ओळी आली, मग दिवाळीची साफसफाई. वजन उतरत होतं, तर सगळ्या म्हणाल्या, तपाने चेहऱ्यावर तेज आलंय. मलाही ते ऐकून बरं वाटलं. अकरा आठवडे मी ती गाठ कोणाला दाखवली नाही. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा ती काखेपर्यंत पोचली होती. मला कोणी अडवलं नव्हतं. अंगावर काढायचं आणि त्याला सहनशक्ती म्हणायचं, हे आपण बायका लहानपणापासून शिकतो. तपाची आपल्याला एवढी सवय असते की थकवा, चक्कर, वजन कमी होणं यातलं काहीच आपल्याला वेगळं वाटत नाही.

आता भुवाजींच्या कर्माबद्दल. कर्म मी मानते. पण आपल्या शास्त्राने कोणत्याही कार्यामागे एकटं कर्म सांगितलेलं नाही. पाच समवाय सांगितले आहेत: काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ. आजार आला की आपण चार विसरतो आणि कर्म तेवढं धरून बसतो. दुकानात तोटा आला तर आपले पुरुष "कर्माचा उदय" म्हणून शटर ओढून घरी बसतात का? मंचरच्या बाजारात जाऊन नवा भाव बघतात, उधारी वसूल करतात, रात्री जागून खतावणी तपासतात. धंद्यात पुरुषार्थ आणि बायकोच्या आजारात नियती, हा हिशेब मला जुळत नाही. आणि केमो घेतल्याने अशाता कर्म चुकवलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी केमोच्या तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत यावं. भोगायला भरपूर मिळतं. ते समभावाने भोगलं तर त्यातही निर्जरा आहेच.

मला ज्या कथा ऐकवल्या, त्या मीही लहानपणापासून ऐकल्या आहेत. मैनासुंदरीने नवपदाची ओळी केली आणि श्रीपाळचा कुष्ठरोग गेला. अनाथी मुनींच्या डोळ्यांची वेदना एका रात्रीत शमली. श्रीपाळ-मैनाची कथा मी दर ओळीला वाचते आणि दर वेळी डोळे भरून येतात. पण ती नवपदाच्या आराधनेची कथा आहे. वैद्याला दारातून परत पाठवा, असं ती सांगत नाही. अनाथी मुनींची कथा उत्तराध्ययनाच्या विसाव्या अध्ययनात आहे. त्यात त्यांच्या वडिलांनी वैद्य बोलावले, पैसा ओतला, सगळे उपाय झाले, आणि त्यानंतर तो रात्रीचा संकल्प आला. शिवाय तो संकल्प दीक्षेचा होता. वेदना गेली आणि त्यांनी खरोखर घर सोडलं. मला ही कथा ऐकवणाऱ्यांपैकी कोणी घर सोडायला निघालेलं मला दिसलं नाही.

आणि एक कथा मला कोणीच ऐकवली नाही, ती मी तुम्हाला सांगते. भगवती सूत्राच्या पंधराव्या शतकात आहे. गोशालकाने तेजोलेश्या सोडल्यानंतर भगवान महावीरांना पित्तज्वर झाला, रक्ताचे जुलाब सुरू झाले. लोक बोलू लागले की आता हे जगत नाहीत. सिंह नावाचे अणगार रानात बसून रडत होते. भगवंतांनी त्यांना बोलावून घेतलं आणि मेंढियग्रामच्या रेवती श्राविकेकडे पाठवलं. माझ्यासाठी केलेला कोहळ्याचा पाक आणू नकोस, दुसऱ्या कारणाने करून ठेवलेला बिजोऱ्याचा पाक आण, असं सांगितलं. रेवतीने तो भक्तीने वहोरावला, भगवंतांनी घेतला आणि त्यांना बरं वाटलं. त्या दानाने रेवतीने तीर्थंकर नामकर्म बांधलं, अशी आपली श्वेतांबर परंपरा आहे.

केवलज्ञान झालेल्या, सर्व कर्मांचा हिशेब समोर दिसणाऱ्या तीर्थंकरांनी औषध मागवलं. नियम पाळून मागवलं, पण मागवलं. ते देणारी एक गृहिणी होती, तुमच्या-माझ्यासारखी. औषध घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं असेल, तर मग रेवतीला इतकं मोठं पुण्य कशाचं मिळालं?

माझा खरा पेच मात्र कथांचा नव्हता, पाण्याचा होता. तीस वर्षांहून जास्त काळ माझा चौविहार आहे, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. मला जी दोन औषधं चालू आहेत त्यातलं एक लाल रंगाचं आहे. दुसऱ्याचं नाव सायक्लोफॉस्फमाइड. हे दुसरं शरीरातून लघवीवाटे जाताना मूत्राशयाला आतून भाजतं. म्हणून त्या दिवशी आणि रात्री भरपूर पाणी प्यायचं आणि सारखं लघवीला जायचं, असं नर्सने तीनदा बजावलं. उलटीची गोळी रात्री आठला. आता काय करायचं?

माझ्या धाकट्या मुलाचं उत्तर सोपं होतं: "आई, सोड ना ते सगळं आता." भुवाजींचंही सोपं होतं: "तीस वर्षांचं व्रत मोडू नकोस, ते औषध सोड." दोघांनाही मी गप्प केलं आणि विहारात जवळ आलेल्या महासतीजींकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पोरिसीचं पच्चक्खाण रोज घेता ना? त्यातले आगार कधी मोजलेत का?"

मोजले नव्हते. तोंडपाठ म्हणत आले होते. पोरिसीच्या पच्चक्खाणात सहा आगार आहेत, म्हणजे सहा सवलती, आणि त्यातला शेवटचा सव्वसमाहिवत्तियागार. उपवासाच्या पच्चक्खाणातही तो आहे. त्याचा अर्थ असा की तीव्र आजाराने समाधी ढळत असेल, आर्तध्यान सुरू होत असेल, तर ती टिकवण्यासाठी औषध घेतलं तरी पच्चक्खाणाचा भंग होत नाही. महासतीजी म्हणाल्या, "पच्चक्खाण घडवणाऱ्यांना माणूस आजारी पडतो हे माहीत होतं. चौविहाराच्याही मर्यादा आताच ठरवून घ्या, आणि बरं वाटल्यावर आलोचना करा." त्यांच्यासमोर मी केमोचा दिवस आणि पुढच्या दोन रात्री मोकळ्या ठेवल्या. बाकीचे दिवस चौविहार चालू आहे, तोही डॉक्टरांना विचारून.

बहिणींनो, ही सवलत मी शोधून काढलेली नाही. आपण रोज सकाळी ती तोंडाने म्हणतो. व्रत घेताना शास्त्राने जी दारं उघडी ठेवली, ती आपल्या नातेवाइकांनी बंद का करावी?

काय सुटलं आणि काय राहिलं, तेही सांगते, कारण तुमच्यापैकी कोणावर वेळ आली तर उपयोग होईल. तप सध्या पूर्ण बंद, उपवास नाही, आयंबील नाही. केमोत पेशी परत भरून यायला प्रथिनं लागतात. मूग, तूर, पनीर, दूध, दही यातून ती भागवते, आणि ताजं दही चालेल का हे दर वेळी रक्ताचा रिपोर्ट बघून विचारते. जमीकंद कधी खाल्ला नाही, आताही नाही, त्याने काही अडलं नाही. उकळलेलं पाणी आपण धर्म म्हणून पितो, आहार सांगणाऱ्या बाईंनी ते ऐकून मान डोलावली, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना तेच हवं असतं. कच्च्या कोशिंबिरी त्यांनी बंद केल्या. नवकारशी चालू आहे. कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचं असतं, म्हणून गोळीचा पर्याय आहे का हे विचारते. असला तर घेते, नसला तर तीच घेते आणि मिच्छामि दुक्कडम् म्हणते. आणि ताप शंभर पॉइंट चारच्या वर गेला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, हे फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे. केमोतला ताप अंगावर काढणं म्हणजे तप नव्हे. त्याने जीव जातो.

झाडपाल्याच्या नंबरांबद्दल. "केमो विष, वनस्पती निर्दोष" म्हणणाऱ्यांच्या अंगणात सदाफुली असेल. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर जगभर दिलं जाणारं व्हिन्क्रिस्टीन हे औषध त्याच सदाफुलीतून निघालं. मला पुढे जे पॅक्लिटॅक्सेल मिळणार आहे ते मुळात अमेरिकेतल्या एका यू झाडाच्या सालीत सापडलं. म्हणजे झाडपालाच आहे. फरक एवढाच की पानांच्या ढिगातून औषधाचा अंश वेगळा करून तो वजनाप्रमाणे तोलून देतात. कृपा करून अंगणातली पानं कोणी चावू नका, ती विषारी आहेत.

उशीर किती महाग पडतो याचेही आकडे आहेत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांचा अभ्यास २०१८ साली छापून आला. कॅन्सर बरा होण्यासारख्या अवस्थेत असूनही नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचारांवर राहिलेले २८१ रुग्ण त्यांनी घेतले आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या ५६० जणांशी तुलना केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. नवकार म्हणणाऱ्या बायका त्यात मोजल्या नसतील, पण तप करून बघू म्हणत जो वेळ जातो, तो असाच जातो.

आता सगळ्यात जड गोष्ट. एका वडीलधाऱ्या व्यक्तीने यांना बाजूला घेऊन सुचवलं, "वय झालंय, त्रास कशाला द्यायचा, संथाऱ्याचे भाव होत असतील तर विचारा." मला चौसष्ट पूर्ण व्हायचं आहे.

संथाऱ्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. १९५५ साली कुंथलगिरीला आचार्य शांतिसागरजींनी छत्तीस दिवसांची सल्लेखना केली. ते दिगंबर परंपरेचे, आपण स्थानकवासी, पण नाव घेतलं तरी हात जोडले जातात. त्यांची दृष्टी गेली होती, जीव दिसेनासे झाले होते, मुनीचा आचार पाळणं शक्य राहिलं नव्हतं. निर्णय त्यांचा स्वतःचा होता, आयुष्यभराच्या साधनेनंतरचा. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येच्या रांगेत बसवलं, तेव्हा देशभर आपला समाज रस्त्यावर उतरला. मीही मूक मोर्चात चालले. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा आपण काय सांगत होतो? की संथारा म्हणजे जगण्याला कंटाळणं नव्हे, उपाय संपल्यावर, शरीर साधनेला उपयोगी राहिलं नाही की स्वतःच्या इच्छेने, गुरूंच्या आज्ञेने घ्यायचं ते व्रत आहे. मग जिच्याबद्दल डॉक्टर "उपचार करू, आशा आहे" म्हणतात, तिच्या नवऱ्याच्या कानात संथारा सुचवणं, हे आपणच आपल्या बाजूचा पुरावा फाडून टाकणं नाही का?

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. आमचे भाचे डॉक्टर आहेत. ते प्रेमाने म्हणतात, "मामी, श्रद्धा वगैरे ठीक, पण औषधच काम करतं." बरोबर आहे. गाठीवर औषधच काम करतं. नवकाराने माझी गाठ विरघळेल असं मी मानत नाही, कोणी मानू नये. पण गाठ ज्या बाईला आहे, तिला त्या खुर्चीत साडेतीन तास बसायचं असतं. हातात सुई, शेजारच्या खुर्चीवर नारायणगावची एक तिशीची मुलगी रडत होती. मी उठून पळून जाईन असं एका क्षणी खरंच वाटलं. तेव्हा मी नवकार धरला. अठ्ठेचाळीस मिनिटांची एक सामायिक, असं मोजत चार सामायिकांना थोडा वेळ कमी पडला तेव्हा बाटली संपली. आसन नाही, मुहपत्ती नाही, म्हणून विधीची सामायिक म्हणणार नाही. पण मी बसून राहिले. ऑपरेशनच्या दिवशी मी मांगलिक ऐकूनच आत जाणार आहे. श्रद्धेकडून माझी एवढीच मागणी आहे, की तिने मला उपचाराच्या खुर्चीत बसवून ठेवावं. तिथून उठवणारी श्रद्धा मला नको.

आणि समाज म्हणून आपल्याला हे नवीन नाही. आचार्य आनंदऋषीजींच्या नावाने नगरला आपल्याच लोकांनी हॉस्पिटल उभं केलं. मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलच्या रुग्णांना जेवू घालायचं काम हरखचंद सावलांनी सुरू केलं, ते आपल्यातलेच. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा बाहेरगावच्या कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते. ही सगळी श्रद्धेचीच माणसं. त्यांनी रुग्णाला हॉस्पिटलपासून लांब नेलं नाही, जवळ राहायला जागा दिली आणि ताट वाढलं.

म्हणून तुमच्याकडे माझं मागणं आहे. आजच आंघोळीच्या वेळी स्वतःला तपासा. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक बायकांवर मोठा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांची, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, फक्त हाताने तपासणी केली. वीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. मशीन नाही, सुई नाही, फक्त वेळेवर हात. पर्युषणात गाठ लागली तर पर्युषणातच डॉक्टरकडे जा. अठ्ठाई पुढच्या वर्षी होते.

आणि कोणाकडे शाता विचारायला गेलात तर तप सुचवू नका, कथा ऐकवू नका. मुगाचं पातळ वरण घेऊन जा. निरगुडसरहून पुण्याला निघालं की चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास सहज जातात. त्या गाडीत सोबत बसायला कोणी लागतं का, ते विचारा. फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. कोणाच्या घरी पैशांची ओढ असेल तर कागदपत्रं जमवायला मदत करा. रेवतीने एवढंच तर केलं होतं, जे घरात होतं ते वेळेवर दिलं.

भुवाजी हे वाचतील. भुवाजी, तुमच्यावर माझा राग नाही. सोमवारी सकाळी सहाला गाडी निघते. मागच्या सीटवर जागा आहे. तुम्ही नवकार म्हणा, मी सुई लावून घेते.

या लिहिण्यात जिनआज्ञेविरुद्ध काही आलं असेल, किंवा कोणाचं मन दुखावलं असेल, तर मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम्.